पहिला व्हेप कुठला घेऊ?

‘सिगरेट सोडायचीय यार. सुरुवातीला कुठला व्हेप घेऊ?’

घरी खोकल्यावरून बोलणी बसली, नवी टर्म सुरू झाली, किंवा दादरच्या पुलाचा जिना चढताना दम लागला, की हा प्रश्न मित्रांच्या ग्रुपवर हमखास पडतो. उत्तरंही धडाधड येतात. कुणी म्हणतं पॉड घे, कुणी म्हणतं आधी डिस्पोजेबल वापरून बघ, कुणी ‘माझ्या ओळखीचा एक आहे, रात्री आणून देतो’ म्हणत नंबर फॉरवर्ड करतं. पाच मिनिटांत फ्लेवर, किंमत आणि कुठे भेटायचं ते ठरतं. मेसेजमधलं पहिलं वाक्य मात्र कुणीच धड वाचत नाही. सिगरेट सोडायचीय! तुमच्या मित्राने किंवा मैत्रिणीने स्वतःहून, कुणी न सांगता, एवढी मोठी गोष्ट बोलून दाखवलेली असते आणि आपण तिला खरेदीच्या यादीत टाकून मोकळे होतो.

आजचं बोलणं त्या पहिल्या वाक्याबद्दल आहे. जे रोज ओढतात आणि ज्यांना खरंच थांबायचंय, त्यांच्याशी. जे ओढतच नाहीत आणि ‘नुसता वाफेचाच तर आहे’ म्हणून व्हेप हातात घेतायत, त्यांच्यासाठी एकच ओळ पुरे: तुम्ही काही सोडत नाही आहात, तुम्ही सुरू करताय.

प्रश्न खुळा नाही

आधी हे मान्य करूया, की ‘सिगरेटऐवजी व्हेप’ हा विचार काही कुणाच्या डोक्यातलं खूळ नाही. सिगरेटमध्ये सवय लावतं ते निकोटिन. पण फुप्फुसं, हृदय आणि कॅन्सरचा मोठा हिशोब लागतो तो जळणाऱ्या तंबाखूच्या धुरामुळे. टार आणि कार्बन मोनॉक्साइड जळण्यातून येतात. व्हेपमध्ये काही जळत नाही. बॅटरीवर एक कॉइल तापते, निकोटिन मिसळलेल्या द्रवाची वाफ होते आणि ती आत ओढली जाते. चीनमधल्या हॉन लिक नावाच्या फार्मासिस्टने २००३च्या सुमारास आजच्या ई-सिगरेटचा आराखडा केला, तो स्वतः सिगरेट ओढणारा होता. त्याला हवं होतं तेच तुम्हाला हवंय: तलफ भागावी, धूर नको.

इंग्लंडने तर हा रस्ता सरकारी पातळीवर धरला. २०१५ साली तिथल्या सार्वजनिक आरोग्य विभागाने ई-सिगरेट ही सिगरेटपेक्षा बरीच कमी घातक असल्याचा अंदाज जाहीर केला. २०२३मध्ये तिथल्या सरकारने दहा लाख सिगरेट ओढणाऱ्यांना सोडण्यासाठी व्हेपचं स्टार्टर किट द्यायची योजना जाहीर केली. तेव्हा इंटरनेटवर बघून कुणी ‘अरे, तिकडे डॉक्टरच देतात’ असं म्हणाला, तर तो थापा मारत नाहीये.

मग अडतं कुठे? अडतं ते ‘तिकडे’ या शब्दापाशी.

त्या प्रयोगात नेमकं काय होतं?

व्हेपने सिगरेट सुटते, याचा सगळ्यात जास्त सांगितला जाणारा पुरावा २०१९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. इंग्लंडमधल्या ८८६ जणांवरचा प्रयोग. सगळे सिगरेट सोडायची म्हणून सरकारी केंद्रात आलेले. अर्ध्यांना निकोटिनचे पॅच, गम वगैरे औषधं दिली, अर्ध्यांना ई-सिगरेट. वर्षभराने पाहिलं तर औषधवाल्यांपैकी ९.९ टक्के आणि ई-सिगरेटवाल्यांपैकी १८ टक्के लोकांची सिगरेट सुटलेली होती. जवळपास दुप्पट.

हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. त्या खालचा तपशील कुणी वाचत नाही. तो असा: त्या लोकांचं वय साधारण चाळिशीचं होतं, म्हणजे वर्षानुवर्षं ओढणारे. त्यांना दिलेलं यंत्र पुन्हा भरता येणारं होतं आणि सोबतच्या बाटलीतल्या द्रवात एका मिलिलिटरला १८ मिलिग्रॅम निकोटिन होतं. मोजलेलं, लेबलवर लिहिलेलं, कायद्याने तपासलेलं. आणि दोन्ही गटांतल्या प्रत्येकाला किमान चार आठवडे, दर आठवड्याला समुपदेशकाशी समोरासमोर बोलायला मिळत होतं.

एवढं सगळं पुरवूनही शंभरातल्या ब्याऐंशी जणांची सिगरेट सुटली नाही. आणि ई-सिगरेटच्या जोरावर ज्यांची सुटली, त्यांतले ८० टक्के वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. औषधांच्या गटात मात्र सिगरेट सुटलेल्यांपैकी अवघे ९ टक्के अजून औषध घेत होते. म्हणजे सिगरेट गेली, निकोटिन राहिलं. चाळीस वर्षांच्या, रोज पाकीट संपवणाऱ्या माणसासाठी हा सौदा कदाचित फायद्याचा असेल. एकोणीस वर्षांच्या, दिवसाला तीन ओढणाऱ्या मुलासाठी? त्याचा हिशोब वेगळा मांडावा लागतो.

आपल्याकडे काय मिळतं?

आता लंडनहून लालबागला या. भारतात १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा झाला. ई-सिगरेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठवणूक आणि जाहिरात, सगळ्यावर बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. साठवून ठेवल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड. कायद्याने ‘ओढणं’ हा वेगळा गुन्हा म्हणून लिहिलेला नाही, हे खरं. पण कुठल्याही स्वरूपात, कितीही प्रमाणात जवळ बाळगणं हे कायद्याचं उल्लंघन आहे, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२३मध्ये सांगितलंय. दुबईहून येणाऱ्या दादाला ‘एक घेऊन ये ना’ म्हणणं म्हणजे त्याला बेकायदा आयात करायला सांगणं. आणि ग्रुपमधल्या चौघांसाठी एकदम मागवून वाटणारा जो उत्साही मित्र असतो, तो कायद्याच्या भाषेत वितरक होतो. ‘मी फक्त आणून दिला’ हे पोलिसांसमोर फार केविलवाणं वाक्य आहे.

पण कायद्याची भीती थोडा वेळ बाजूला ठेवा. माझा मुद्दा त्याहून साधा आहे. बंदी असलेल्या वस्तूत निवड नावाची गोष्टच नसते.

दुकानात मोबाइल घेताना तुम्ही बिल घेता, वॉरंटी बघता, रिव्ह्यू वाचता. काउंटरखालून मिळणाऱ्या व्हेपचं बिल कोण देणार? पाकिटावर एखादं ओळखीचं नाव छापलेलं असतं, ते खरं की खोटं, कुणाला विचारणार? वर ‘५ टक्के’ लिहिलेलं असतं. ते खरं धरलं, तर एका मिलिलिटरला साधारण ५० मिलिग्रॅम निकोटिन. ब्रिटन आणि युरोपात कायद्याने जास्तीत जास्त २० चालतं आणि त्या प्रयोगात १८ होतं. म्हणजे ‘तिकडे डॉक्टर देतात’ म्हणून जी गोष्ट आपण इकडे हातात घेतो, ती तिकडे दुकानातसुद्धा विकता येणार नाही अशा ताकदीची असू शकते. डिस्पोजेबल प्रकार तर खुद्द ब्रिटननेच १ जून २०२५पासून विक्रीतून बाद केला. ऑस्ट्रेलियाने २०२४पासून व्हेपची विक्री फक्त औषधांच्या दुकानांतून ठेवली.

आत काय भरलंय हे माहीत नसलं की काय होऊ शकतं, ते अमेरिकेने २०१९मध्ये पाहिलं. व्हेप ओढणारी धडधाकट पोरं अचानक श्वास लागून हॉस्पिटलात भरती व्हायला लागली. फेब्रुवारी २०२०पर्यंत २,८०७ जणांची नोंद झाली, ६८ मरण पावले. शोध घेतला तेव्हा बोट मुख्यतः गांजाच्या अर्काच्या, चोरट्या मार्गाने आलेल्या काडतुसांकडे गेलं. त्यांत घट्टपणा यावा म्हणून व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळलेलं होतं. साधे निकोटिनचे व्हेप हे त्या साथीचं मुख्य कारण नव्हतं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण धडा कुठल्या फ्लेवरचा नाही, धडा चोरट्या पुरवठ्याचा आहे. आणि आपल्याकडे तर सगळाच पुरवठा चोरटा.

वास येत नाही, हीच मेख

आता जरा घरातलं बोलू. गिरगावातल्या चाळीत, परळ-लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत किंवा दादरच्या वन बीएचकेमध्ये आजी-आजोबांसकट राहणाऱ्याला विचारा, व्हेप का आवडतो? तो फुप्फुसांबद्दल बोलेल, पण मनातलं कारण दुसरंच असतं. कपड्यांना वास लागत नाही. आईला कळत नाही. मुलींसाठी तर हे कारण दुपटीने खरं आहे, कारण टपरीवर मुलगा दिसला तर लोक मान फिरवतात आणि मुलगी दिसली तर घरापर्यंत निरोप जातो.

हा फायदा वाटतो ना? नीट बघा. या शहरात सिगरेटला आपोआप कुंपण पडलेलं असतं. खोलीत ओढता येत नाही, गॅलरीत शेजारचे काका उभे, लोकलमध्ये शक्य नाही, वर्गात तर नाहीच. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८पासून देशभर बंदी आहेच. मग उरते टपरी, गच्ची, पुलाखालचा कोपरा. त्यासाठी उठावं लागतं, जिने उतरावे लागतात, लायटर शोधावा लागतो, पावसात भिजावं लागतं. शिवाय सिगरेट संपते. पाच मिनिटांत थोटूक हातात राहतं आणि आपण परत फिरतो.

व्हेप संपत नाही. त्याला थोटूक नाही. तो उशाखाली असतो, बाथरूममध्ये असतो, अभ्यास करताना ओढणीत किंवा हुडीच्या बाहीत असतो. एक कश झोपायच्या आधी, एक रात्री दोनला जाग आली म्हणून, एक उठल्या उठल्या. दिवसाला तीन सिगरेटी ओढणारा पोरगा स्वतःला ‘मी कमी केली’ असं समजावत असताना दिवसभर थोडं थोडं निकोटिन घेत राहतो आणि त्याला मोजताही येत नाही. या शहरातल्या अडचणींनी घातलेलं कुंपण आपण स्वतःच्या हाताने, वर पैसे देऊन, काढून टाकतो.

म्हणून ‘पहिला व्हेप कुठला?’ असं विचारणाऱ्याला मला एक उलट प्रश्न विचारावासा वाटतो. तुला सिगरेट सोडायचीय, की लपवायचीय? दोन्ही इच्छा समजण्यासारख्या आहेत. पण दोन्हींचं उत्तर एक नाही.

राग रास्त आहे

इथपर्यंत वाचून कुणी चिडलं असेल, तर बरोबर चिडलंय. ‘सिगरेट राजरोस विकतात आणि व्हेपवर बंदी? जास्त मारणारी गोष्ट चालते आणि कमी मारणारी पकडतात?’ या प्रश्नाचं धड उत्तर कुणाकडेच नाही. सरकारी मालकीच्या एलआयसीचा देशातल्या सगळ्यात मोठ्या सिगरेट कंपनीत मोठा हिस्सा आहे, ही काही गुपित गोष्ट नाही. कायदा सांगतो, अठरा वर्षांखालच्याला तंबाखू विकायची नाही आणि शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत तर कुणालाच विकायची नाही. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२०मध्ये सुटी सिगरेट आणि विडी विकायलाही बंदी केली. आता तुमच्या कॉलेजच्या गेटवरून पावलं मोजत निघा आणि पहिली टपरी किती पावलांवर लागते ते बघा. तिथे अख्खं पाकीट घ्यायला लागतं का, तेही बघा.

सुट्या सिगरेटचा मुद्दा छोटा नाही. पाकिटावरचं भीतीदायक चित्र आणि खाली छापलेला मदतीचा नंबर, दोन्ही सुटी घेणाऱ्याला दिसतच नाहीत. विद्यार्थ्याच्या खिशाला अख्खं पाकीट जड जातं, सुटी परवडते. ज्या नियमाने तुमच्या वयाच्या मुलांना सगळ्यात जास्त वाचवलं असतं, तोच नियम सगळ्यात जास्त कागदावर राहिला.

तेव्हा बंदी असावी की इंग्लंडसारखी मोजून-मापून परवानगी, यावर कॉलेजात वाद व्हायला हवा, जोरात व्हायला हवा. माझं मत विचाराल तर, चाळीस वर्षांच्या जुन्या धूम्रपान करणाऱ्याला डॉक्टरच्या देखरेखीखाली हा पर्याय कधीतरी मिळायला हवा. पण धोरण चुकीचं आहे म्हणून तुमच्या हातातला चोरटा व्हेप बरोबर ठरत नाही. सरकारवरचा राग स्वतःच्या फुप्फुसांवर काढण्यात काय हशील?

‘हलकं’ म्हणून जे जे आलं

आपल्या भागाला ‘त्यापेक्षा हे बरं’ ही भाषा नवी नाही. सिगरेटपेक्षा विडी बरी, तिच्यात नुसतं पान आणि तंबाखू, असं गिरणगावातल्या कित्येक आजोबांनी म्हटलं असेल. मग फिल्टर आला, मग ‘लाइट’ आणि ‘माइल्ड’ आले. धूर नको म्हणून कुणी मिश्रीवर गेलं, कुणी गुटख्यावर. महाराष्ट्राने २०१२मध्ये गुटख्यावर बंदी घातली.

विडीच्या ‘बरं’पणाचा हिशोब याच मुंबईने मांडला. १९९१ ते १९९७ या काळात डॉ. प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी मुख्य मुंबई शहरातल्या पस्तिशीपुढच्या सुमारे दीड लाख लोकांची नावं मतदार यादीवरून घेऊन, घरोघरी जाऊन नोंद केली आणि पुढे कोण जगलं, कोण गेलं ते पाहिलं. यात कदाचित तुमच्याच चाळीतले कुणी असतील. तंबाखू न घेणाऱ्यांच्या तुलनेत सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांत मृत्यूचं प्रमाण ३७ टक्क्यांनी जास्त निघालं. विडी ओढणाऱ्यांत ६४ टक्क्यांनी. ‘हलकी’ म्हणून ओढलेली विडी जास्त जड पडली होती. आणि हे कळायला वर्षं जावी लागली.

व्हेप म्हणजे विडी नव्हे. विडीत जाळ आहे, व्हेपमध्ये नाही. पण रोज, वीस-तीस वर्षं ही वाफ आत घेतल्यावर काय होतं, हे सांगायला तेवढी वर्षं जगून झालेला माणूसच अजून नाही. परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपासच्या फुटपाथवरून कधी गेला असाल, तर गावाकडून आलेले पेशंट आणि नातेवाईक पथारी टाकून दिवस काढताना पाहिले असतील. तिथे कुणीच ‘मला कॅन्सर व्हावा’ म्हणून सुरुवात केली नव्हती. बहुतेकांना वाटलं होतं, आपलं प्रमाण थोडं आहे.

‘थोडं’ यावरही एक आकडा. २०१८मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. दिवसाला वीस ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, त्याचा जवळपास निम्मा धोका दिवसाला एकच ओढणाऱ्यालाही असतो. वीसातली एक म्हणजे विसावा हिस्सा, हे गणित हृदयाला लागू पडत नाही. त्यामुळे घरी व्हेप आणि टपरीवर मित्रांबरोबर ‘एकच’ सिगरेट, हा जो मधला मार्ग आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतो, त्यात दोन्हीकडचा तोटा पदरात पडतो.

श्रावण पाळता ना?

आता कामाचं. तुमच्यापैकी किंवा तुमच्या घरातल्यांपैकी कितीजण श्रावण पाळतात? नॉनव्हेज बंद, दारू बंद आणि बऱ्याच जणांची सिगरेटही बंद, ती थेट गणपती जाईपर्यंत. निकोटिन थांबवल्यावर चिडचिड, झोप उडणं, लक्ष न लागणं हा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत बराचसा ओसरतो. म्हणजे श्रावण पाळणारा माणूस सगळ्यात अवघड घाट दरवर्षी चढून जातो आणि विसर्जनाच्या रात्री, मिरवणुकीत मित्राने पुढे केलेल्या एका सिगरेटवर पुन्हा खाली येतो! ‘मला जमत नाही’ हे तो कुठल्या तोंडाने म्हणतो? जमलेलं असतं. पुढचा दिवस ठरवलेला नसतो.

तेव्हा यंत्र शोधण्याऐवजी तारीख ठरवा. गणपती असो, रमझान असो, लेंट असो, वाढदिवस असो किंवा सेमिस्टरचा पहिला दिवस. आणि तारखेबरोबर या गोष्टी.

एक, निकोटिनचा गम. २ मिलिग्रॅमचा गम मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतो. ४ मिलिग्रॅमला डॉक्टरची चिठ्ठी लागते. बिल मिळतं, आत किती निकोटिन आहे ते लिहिलेलं असतं, पोलीस विचारत नाहीत. पण तो च्युइंग गमसारखा चघळला की मळमळ होते, उचकी लागते आणि लोक म्हणतात, ‘काय उपयोग नाय.’ हळूहळू चावायचा, तिखट झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, झिणझिण्या गेल्या की परत दोन-चारदा चावायचा. असं साधारण अर्धा तास. आणि महत्त्वाचं म्हणजे गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना कॉफी, कोल्ड्रिंक, ज्यूस, कटिंग काहीच नको, नाहीतर निकोटिन तोंडातून नीट शोषलं जात नाही. दिवसाला एक-दोनच ओढणाऱ्याला कदाचित गमचीही गरज नसेल. कुठलं आजारपण असेल किंवा वय अठराच्या आत असेल, तर आधी डॉक्टरला विचारा.

दोन, फोन. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन. २०१६पासून चालू आहे आणि हाच नंबर पाकिटावर छापतात. हिंदी-इंग्रजीशिवाय प्रादेशिक भाषांतही बोलता येतं. त्या इंग्लंडच्या प्रयोगातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कदाचित यंत्र नव्हतंच, दर आठवड्याला ‘कसं चाललंय?’ असं विचारणारं माणूस होतं. ते माणूस तुम्हाला फुकट मिळतंय.

तीन, टपरी. ही सगळ्यात कठीण. कारण टपरी म्हणजे फक्त निकोटिन नाही. तिथे गप्पा असतात, लेक्चर बंक असतं, पहिलं प्रेम आणि पहिला जॉब असतो. सिगरेट सोडणाऱ्याला भीती धुराची नसते, एकटं पडण्याची असते. म्हणून हे काम मित्रांचं आहे. त्याला टपरीवर बोलवा, पण कश पुढे करू नका. पहिले दोन आठवडे जागा बदला. कटिंग उभ्याने दुसऱ्या कोपऱ्यावर प्या, शिवाजी पार्कला फेरी मारा, गिरगाव चौपाटीवर बसा. तलफ काही मिनिटांचीच असते, तेवढा वेळ कुणीतरी बोलत राहिलं पाहिजे. आणि ‘सगळेच ओढतात’ हे डोक्यातून काढा. २०१६-१७च्या केंद्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातले धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के होते. शंभरात चारही नाहीत. ते चौघं एकाच टपरीवर उभे असतात, म्हणून गर्दी वाटते.

चार, घसरलात तर. एक ओढली म्हणजे सगळं संपलं असं नाही. बहुतेकांना एकापेक्षा जास्त वेळा प्रयत्न करावा लागतो. कुठे घसरलो ते लक्षात ठेवायचं: परीक्षेच्या आदल्या रात्री? भांडणानंतर? मंडळाच्या कामात रात्र जागवताना? पुढच्या वेळी तिथे आधीच गम खिशात आणि मित्र फोनवर हवा.

मागायचं काय?

आणि थोडं मागायलाही शिका. निकोटिन रिप्लेसमेंट थेरपी २०२२पासून आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. मग ती कॉलेजच्या आरोग्य कक्षात का नाही? एनएसएसच्या पोरांना ३१ मेला, जागतिक तंबाखूविरोधी दिनाला, रॅली आणि पोस्टर स्पर्धा करायला लावतात. त्याऐवजी दर आठवड्याला एक समुपदेशक कॉलेजात एक तास बसला तर? तिथे जाणाऱ्याचं नाव घरी किंवा प्राचार्यांकडे जाणार नाही, एवढी खात्री दिली तर? टाटा आणि केईएमसारखी हॉस्पिटलं परळात असताना गिरगाव ते दादरमधल्या कॉलेजांना हे अवघड जाऊ नये. विद्यार्थी संघटना कँटीनच्या समोशाच्या दरावर मोर्चा काढतात, एक मोर्चा यासाठीही काढता येईल. कॉलेजचं गेट आणि टपरी यांच्यातलं अंतर टेप घेऊन मोजायचं आणि आकडा जाहीर करायचा, हेसुद्धा आंदोलनच आहे.

पुढच्या वेळी ग्रुपवर ‘पहिला व्हेप कुठला घेऊ?’ असा मेसेज आला, की डीलरचा नंबर फॉरवर्ड करू नका. एवढंच लिहा: ‘कधी सोडतोयस? तारीख सांग. त्या दिवशी संध्याकाळी मी येतो.’ आणि मग खरंच जा.